जयपूरचा आराखडा आणि मिश्र वापराच्या वसाहती

राजस्थानची राजधानी जयपूर येथे टोंक मार्गावर, बी-२ बायपासलगतच्या सुमारे ९५ एकर जमिनीवर 'राजस्थान मंडपम' हे संकुल उभारण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मंजुरी दिली. परिषदा आणि प्रदर्शनांसाठीचे केंद्र, कंपन्यांच्या कार्यालयांचे मनोरे, हॉटेले, निवासी सदनिका आणि व्यापारी इमारती असे या संकुलाचे नियोजित स्वरूप आहे. काम एनबीसीसी या केंद्र सरकारच्या उपक्रमाकडे सोपवण्याचे ठरले असून, प्रकल्पाचा खर्च त्याच जागेवरील मालमत्तांच्या विक्रीतून भागवावा, अशी त्यामागील योजना आहे.

घर, कार्यालय, दुकान आणि हॉटेल एकाच आवारात आणणाऱ्या अशा प्रकल्पांना नगररचनेत 'मिश्र वापराचे प्रकल्प' म्हटले जाते. जयपूरच्या चारही बाजूंना खासगी विकासकही असे प्रस्ताव घेऊन पुढे येत आहेत. प्रत्येक प्रस्तावाची सरकारी छाननी होते, नकाशे तपासले जातात, शुल्क भरले जाते आणि परवानगी दिली जाते. तरीही उन्हाळ्यात टँकरच्या रांगा लागतात आणि पावसाळ्यात नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते. एकेका भूखंडाची छाननी नियमाप्रमाणे होऊनही संपूर्ण शहराचे नुकसान कसे होते, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिलेल्या एका निकालात याच प्रश्नावर बोट ठेवले होते. जयपूरचा पुढील आराखडा तयार होण्याच्या काळात त्या निकालाचे स्मरण करणे अगत्याचे आहे.

मिश्र वापर जयपूरला नवा नाही

सवाई जयसिंह द्वितीय यांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी जयपूरची पायाभरणी केली. नगराची आखणी विद्याधर भट्टाचार्य यांच्या नावाशी जोडली जाते. काटकोनात छेदणारे राजमार्ग आणि त्यांतून तयार झालेल्या नऊ चौकड्या हे या आखणीचे वैशिष्ट्य होय. राजमार्गांवर खाली दुकाने, वर आणि मागे राहती घरे, त्यांच्या पलीकडे चौकांच्या हवेल्या, अशी रचना होती. लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा 'मनिहारों का रास्ता' आणि तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांचा 'ठठेरों का रास्ता' आजही त्या त्या व्यवसायाच्या नावाने ओळखला जातो. कारागीर जेथे राहत असे तेथेच त्याचे काम चाले आणि तेथेच विक्री होई. आज ज्याला आधुनिक कल्पना म्हणून सादर केले जाते तो मिश्र वापर या शहरात जवळजवळ तीनशे वर्षे नांदत आहे. युनेस्कोने ६ जुलै २०१९ रोजी जयपूरच्या तटबंदीच्या आतील नगराला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला, त्यामागे या नगररचनेचाही मोठा वाटा होता.

मात्र या जुन्या मिश्र वापराला एक शिस्त होती. रस्त्यांची रुंदी त्यांच्या दर्जाप्रमाणे आधीच ठरलेली होती. बाजारातील दुकानांचे दर्शनी भाग मालकाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. पाण्याचाही विचार आखणीतच झाला होता. मुख्य चौकांत, म्हणजे तेथील भाषेत चौपडींवर, पाण्याची कुंडे होती. अलीकडे मेट्रोच्या भुयारी मार्गासाठी खोदकाम झाले, तेव्हा त्यांचे अवशेष पुन्हा उजेडात आले. रस्ता आणि पाणी आधी, इमारत नंतर, असा तो क्रम होता. आजच्या प्रकल्पांच्या छाननीत हा क्रम पाळला जातो का, हे पाहावे लागेल.

छाननी कशी होते

जयपूर विकास प्राधिकरण, म्हणजेच जेडीए, १९८२ च्या कायद्यान्वये स्थापन झाले. शहराचा पहिला बृहत् आराखडा १९७६ मध्ये लागू झाला. दुसऱ्या आराखड्याची मुदत २०११ पर्यंत होती आणि २०११ मध्येच २०२५ हे लक्ष्यवर्ष धरून तिसरा आराखडा मंजूर झाला. कोणत्या जमिनीवर घरे होतील, कोठे बाजार असेल, कोठे शेती आणि कोठे निसर्गरक्षणाचा पट्टा राहील, हे या आराखड्याने ठरवावे, अशी अपेक्षा असते.

शहराबाहेरील बहुतेक जमीन मुळात शेतीची असते. तेथे वसाहत करायची झाल्यास राजस्थान भू-राजस्व अधिनियम, १९५६ मधील कलम ९०-अ प्रमाणे बिगरशेती परवानगी घ्यावी लागते. महाराष्ट्रातील 'एनए' परवानगीशी तिचे साम्य आहे. प्रस्तावित वापर आराखड्याशी जुळत नसेल, तर 'भू-उपयोग परिवर्तना'चा अर्ज केला जातो. आपल्याकडे सामान्य बोलण्यात यालाच 'झोन बदलून घेणे' म्हणतात. जाहीर सूचना काढून हरकती मागवल्या जातात. त्यानंतर वसाहतीचा अभिन्यास आणि शेवटी इमारतींचे नकाशे मंजुरीसाठी येतात. समोरच्या रस्त्याची रुंदी, चटई क्षेत्र, उंची, चहूबाजूंना सोडायची मोकळी जागा, वाहनतळ, आगीपासून सुरक्षिततेची व्यवस्था, पर्जन्यजल पुनर्भरण अशा बाबी तपासल्या जातात.

याशिवाय दोन स्वतंत्र चाळण्या आहेत. केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामासाठी पर्यावरण विषयक पूर्वमंजुरी घ्यावी लागते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार प्रकल्पाची 'रेरा'कडे नोंदणी केल्याविना सदनिकांची जाहिरात अथवा विक्री करता येत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतचे भूखंड किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प यांना यातून सूट आहे.

कागदावर पाहिले तर ही व्यवस्था बरीच कडेकोट दिसते. तिच्यातील उणीव निराळ्या ठिकाणी आहे. यातील जवळजवळ प्रत्येक टप्पा एकाच भूखंडाकडे पाहतो. समोरचा रस्ता पुरेसा रुंद आहे काय, असे समिती विचारते. त्याच रस्त्यावर आणखी दहा संकुलांना परवानगी मिळाल्यावर तो पुरेल काय, हे तिच्यासमोरच्या नस्तीत नसते. ती बेरीज आराखड्याने करायची असते. आराखडाच अर्जागणिक बदलत गेला, तर बेरीज कोणीच करत नाही.

पाण्याची बेरीज

एक साधा हिशेब करून पाहता येईल. एखाद्या संकुलात एक हजार सदनिका आहेत आणि प्रत्येकीत सरासरी पाच माणसे राहतात, असे मानू. शहरी पाणीपुरवठ्यासाठी देशात रूढ असलेल्या माणशी दररोज १३५ लिटर या मानाने तेथे रोज ६ लाख ७५ हजार लिटर पाणी लागेल. पाच हजार लिटरच्या टँकरने ते आणायचे म्हटले तर दिवसाला १३५ फेऱ्या होतात. यात दुकाने, हॉटेले, कार्यालये आणि बाग यांचे पाणी धरलेले नाही. एका संकुलाच्या अर्जात हा आकडा मोठा वाटत नाही. अशी वीस संकुले झाली की तो एका लहान नगराच्या गरजेइतका होतो.

जयपूरच्या बाबतीत हा हिशेब केवळ पुस्तकी नाही. या शहराची तहान भागवणारे रामगढ धरण बाणगंगा नदीवर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधून पूर्ण झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यती याच जलाशयात झाल्या होत्या. पुढील दोन-अडीच दशकांत तो जलाशय कोरडा पडला. पाणलोट क्षेत्रातील अतिक्रमणे आणि पाणी अडवणारी लहानमोठी बांधकामे ही त्यामागची प्रमुख कारणे मानली जातात. 'अब्दुल रहमान विरुद्ध राजस्थान सरकार' या प्रकरणात उच्च न्यायालयाने २००४ मध्ये राज्यातील जलस्रोतांची पाणलोट क्षेत्रे १५ ऑगस्ट १९४७ च्या स्थितीप्रमाणे पूर्ववत करण्यास सांगितले. रामगढचे पाणी मात्र परतले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच धरणावर ड्रोनच्या साहाय्याने कृत्रिम पाऊस पाडण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

२००९ पासून जयपूरला टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाचे पाणी मिळू लागले. हे धरण जयपूरपासून सुमारे १२० किलोमीटर दूर आहे आणि त्यावर अजमेरसह इतर शहरांचा व गावांचाही भार आहे. जेथे बिसलपूरची जलवाहिनी पोहोचलेली नाही तेथे कूपनलिका आणि टँकर हाच आधार. झोटवाडा, सांगानेर हे शहराला लागून असलेले भाग भूजलाचा अतिउपसा होणाऱ्या क्षेत्रांत मोडतात. अशा ठिकाणी बांधकामाला परवानगी देणाऱ्या कागदावर पाण्याच्या स्रोतासमोर 'प्रस्तावित' असा शब्द लिहून भागत असेल, तर त्या शब्दाची किंमत शेवटी सदनिका घेणाऱ्या कुटुंबालाच दरमहा टँकरच्या बिलातून मोजावी लागते.

पावसाच्या पाण्याचे गणितही असेच आहे. १९ जुलै १९८१ रोजी जयपूरमध्ये एका दिवसात तीनशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि शहराने मोठा पूर पाहिला. १४ ऑगस्ट २०२० च्या अतिवृष्टीत लाल डुंगरी भागातील गरीब वस्तीत घरे आणि वाहने गाळाखाली गेली. शहरातून वाहणारी द्रव्यवती नदी कित्येक वर्षे 'अमानीशाह नाला' या नावानेच ओळखली जात होती. नदीला नाला म्हटले की तिच्या पात्राची जमीनही मोकळी जागा वाटू लागते. सुमारे ४७ किलोमीटर लांबीच्या या पात्राच्या पुनरुज्जीवनासाठी १,६७६ कोटी रुपयांचा प्रकल्प हाती घ्यावा लागला आणि त्याचा पहिला टप्पा २ ऑक्टोबर २०१८ रोजी लोकांसाठी खुला झाला. काठावरील बांधकामांना वेळीच आळा बसला असता, तर यातील बराच खर्च वाचला असता.

उच्च न्यायालयाचा निकाल

'राजस्थान पत्रिका' या दैनिकाचे संपादक गुलाब कोठारी यांनी राज्यातील शहरांच्या आराखड्यांची पायमल्ली होत असल्याबद्दल उच्च न्यायालयाला पत्र लिहिले होते. न्यायालयाने त्या पत्राचीच २००४ मध्ये जनहित याचिका म्हणून दखल घेतली. तब्बल तेरा वर्षांनी, १२ जानेवारी २०१७ रोजी, जोधपूर येथे न्यायमूर्ती संगीत लोढा आणि न्यायमूर्ती अरुण भन्साळी यांच्या खंडपीठाने निकाल दिला.

बृहत् आराखडा हा कायद्याने केलेला दस्तऐवज आहे. तो शासनाच्या सोयीनुसार वाकवता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे. आराखड्यात सुट्या सुट्या भूखंडांसाठी मनमानी बदल करू नयेत. बदल करायचाच असेल तर तो व्यापक लोकहितासाठी असावा. निसर्गरक्षणाचे पट्टे, उद्याने, मैदाने आणि जलाशय अबाधित ठेवावेत. आराखड्याखालील विभागीय आराखडे तयार करावेत. अनधिकृत बांधकामे नियमित करण्याची प्रथा थांबवावी, असे निर्देश न्यायालयाने दिले.

यांतील विभागीय आराखड्यांचा निर्देश सर्वसामान्य नागरिकाला कदाचित रुक्ष वाटेल, परंतु मिश्र वापराच्या प्रकल्पांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बृहत् आराखडा संपूर्ण शहराचे चित्र मोठ्या ठशात रंगवतो. शाळा नेमकी कोठे, पाण्याची टाकी कोठे, नाल्याची हद्द कोठवर, आतला रस्ता किती मीटरचा, हे विभागीय आराखड्यात ठरते. तो नसेल तर छाननी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे केवळ विकासकाचा नकाशा असतो. मग शाळेसाठी, दवाखान्यासाठी आणि उद्यानासाठी जी जागा उरेल ती ठेवली जाते.

हा निकाल एकाकी नाही. बंगळूरमधील उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये 'बंगलोर मेडिकल ट्रस्ट' प्रकरणात रद्द ठरवला होता. चंडीगडमधील स्वतंत्र घरांचे मजलेनिहाय सदनिकांत रूपांतर करण्यासंबंधीच्या जानेवारी २०२३ च्या निकालात, नागरी विकासाला परवानगी देण्यापूर्वी पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यमापन व्हावे, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालयाने व्यक्त केली. मेरठमधील अनधिकृत बांधकामांच्या प्रकरणात १७ डिसेंबर २०२४ रोजी दिलेल्या निकालात, केवळ बराच काळ लोटला किंवा पैसा गुंतला म्हणून बेकायदा बांधकाम वैध ठरत नाही, असेही त्या न्यायालयाने बजावले.

दुसरी बाजू

सरकारची आणि विकासकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. चौदा वर्षांपुढचे शहर आज कागदावर अचूक उतरवणे कोणालाही शक्य नसते. २०११ मध्ये आराखडा मंजूर झाला, तेव्हा जयपूरमध्ये मेट्रो धावत नव्हती. तिचा पहिला टप्पा ३ जून २०१५ रोजी मानसरोवर ते चांदपोल असा सुरू झाला आणि २३ सप्टेंबर २०२० रोजी ती बडी चौपडपर्यंत पोहोचली. स्थानकांच्या परिसरात दाट आणि मिश्र वसाहती झाल्या तर लोकांचा प्रवास कमी होईल, खासगी वाहनेही घटतील, हा युक्तिवाद नगररचनाशास्त्राला धरून आहे. सर्वत्र केवळ बंगल्यांच्या वसाहती पसरू दिल्या तर शहर आणखी दूरवर फैलावेल, शेतजमीन अधिक खर्ची पडेल आणि जलवाहिन्या अधिक लांब न्याव्या लागतील.

अनधिकृत वसाहतींचा प्रश्नही केवळ बेकायदेशीरपणाचा नाही. १९८० च्या दशकात जयपूरच्या पश्चिमेला पृथ्वीराज नगर योजनेसाठी भूसंपादनाची प्रक्रिया सुरू झाली. वाद न्यायालयांत रेंगाळले. दरम्यान गृहनिर्माण सहकारी संस्थांनी शेतकऱ्यांकडून जमिनी घेऊन भूखंड पाडले आणि ते विकले. निवृत्तिवेतनधारक, कनिष्ठ कर्मचारी, छोटे व्यापारी यांनी आयुष्यभराची शिल्लक त्यांत गुंतवली. त्यांच्या हाती संस्थेचा कागद होता, सरकारी पट्टा नव्हता. पट्टा नाही म्हणून कर्ज नाही, जलवाहिनी नाही, गटार नाही, अशा स्थितीत त्यांनी वर्षानुवर्षे काढली. अखेरीस सरकारला ही वस्ती नियमित करण्याचा मार्ग स्वीकारावा लागला. राज्यभर २ ऑक्टोबर २०२१ पासून राबवण्यात आलेल्या 'प्रशासन शहरों के संग' या मोहिमेचा मुख्य भर पट्टे देण्यावर होता, तो याच कारणाने. ज्याच्या डोक्यावर छप्पर आहे पण हाती पट्टा नाही, त्याला आराखड्याचे पावित्र्य सांगणे सोपे नसते.

तथापि या दोन्ही युक्तिवादांतून निघणारा निष्कर्ष आराखडा सैल करण्याचा नाही. मेट्रो आली असेल तर मेट्रोच्या संपूर्ण पट्ट्याचा विचार करून आराखड्यात एकदाच उघडपणे सुधारणा करता येते. त्यासाठी प्रत्येक भूखंडमालकाने स्वतंत्र अर्ज करण्याची गरज नाही. पृथ्वीराज नगरसारख्या वसाहती वाढण्याचे कारणही वेळेवर न झालेले नियोजन हेच आहे. जमीन संपादित करायची घोषणा करून वर्षानुवर्षे निर्णय लांबवला की मधल्या काळात दलाल शहर वसवतात.

मुंबई-पुण्याचा धडा

महाराष्ट्रातील वाचकांना ही कथा अनोळखी वाटू नये. मुंबईच्या गिरणगावात सुमारे ६०० एकर जमीन कापड गिरण्यांच्या ताब्यात होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकांना. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी केवळ मुळातच मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, गिरण्यांच्या इमारती पाडून मोकळ्या होणाऱ्या जमिनीची नाही, असा तिचा अर्थ लावला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ही दुरुस्ती मालकांना लाभेल असा अर्थ नाकारला. पण सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी ती मालकांच्या बाजूने वैध ठरवली. त्यानंतर परळ आणि लोअर परळ येथे कार्यालये, मॉल आणि उंच निवासी मनोरे उभे राहिले. त्यांतील बहुतेक परवानग्या त्या वेळच्या नियमांत बसणाऱ्या होत्या. स्थानकांबाहेरची गर्दी, अरुंद रस्ते आणि मैदानांची वानवा यांचे उत्तर मात्र कोणत्याही एका परवानगीत सापडत नाही.

पुण्यात समाविष्ट झालेल्या २३ गावांतील टेकड्यांवर सुमारे ९७६ हेक्टर क्षेत्रात जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण ठेवण्यात आले. त्यावरील निर्णय आणि जमीनमालकांना द्यायचा मोबदला यांचा वाद अनेक वर्षे चालला आणि त्या काळात टेकड्यांच्या उतारावर बांधकामे होत राहिली. आराखड्यावरील हिरवा रंग आपोआप झाडे राखत नाही. ज्याची जमीन त्या रंगाखाली येते त्याला वेळेवर आणि न्याय्य मोबदला मिळाला नाही, तर तो रंग पुसण्यासाठी दबाव वाढतच जातो. जयपूरच्या निसर्गरक्षण पट्ट्यालाही हे लागू पडते.

सरकारच प्रवर्तक असेल तेव्हा

जमीन सार्वजनिक असेल तेव्हा छाननीचा प्रश्न अधिक नाजूक होतो. जयपूरच्या मानसागर तलावाकाठची १०० एकर जमीन जलमहाल पर्यटन प्रकल्पासाठी एका खासगी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्यात आली होती. वार्षिक भाडे २ कोटी ५२ लाख रुपये होते. २०१२ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने हा भाडेपट्टा बेकायदा ठरवून रद्द केला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकल्प पूर्णतः रद्द न करता भाडेपट्ट्याची मुदत ३० वर्षांवर आणली. दोन्ही न्यायालयांच्या निष्कर्षांत फरक असला तरी एक बाब स्पष्ट झाली. एवढ्या दीर्घ मुदतीसाठी सार्वजनिक जमीन देण्याचा निर्णय न्यायालयात जाईपर्यंत त्याची पुरेशी खुली चिकित्सा झालेली नव्हती.

सांगानेर परिसरातील 'डोल का बाढ' येथील वादही याच जातीचा आहे. सुमारे १०० एकरांची ही जमीन राज्याच्या रीको या औद्योगिक महामंडळाकडे आहे. तेथे आधी फिनटेक पार्क आणि पुढे 'पीएम युनिटी मॉल'सह अन्य बांधकामे प्रस्तावित झाली. सरकारी कागदांत ही औद्योगिक जमीन आहे. आंदोलन करणाऱ्या नागरिकांच्या मते चार दशकांत तेथे अडीच हजारांच्या आसपास झाडांचे एक जंगल तयार झाले आहे. कागदावरचा वापर आणि जमिनीवरचे वास्तव यांत इतके अंतर पडले असेल, तर छाननीने कोणत्या नोंदीवर विसंबून राहावे?

'राजस्थान मंडपम'सारख्या योजनेत सरकार जमिनीचे मालक, प्रकल्पाचे प्रवर्तक आणि परवानगी देणारी यंत्रणा अशा तिन्ही भूमिकांत आहे. खर्च तेथील मालमत्तांच्या विक्रीतून काढायचा म्हटले की जितके बांधकाम अधिक तितका ताळेबंद सोपा होतो. अशा वेळी चटई क्षेत्र वाढवण्याचा मोह प्रवर्तकाला पडतो आणि त्याला आवर घालणारा अधिकारीही त्याच सरकारचा असतो. यात कोणाच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु खासगी विकासकाला लावली जाणारी कसोटी सरकारी प्रकल्पाला तितक्याच काटेकोरपणे आणि लोकांसमोर लावली जावी, एवढी अपेक्षा रास्त ठरते.

पुढील आराखड्याकडून अपेक्षा

२०२५ हे तिसऱ्या आराखड्याचे लक्ष्यवर्ष होते. आता २०४७ डोळ्यांसमोर ठेवून पुढील नियोजनाची चर्चा होत आहे. या टप्प्यावर काही गोष्टी करणे शक्य आहे आणि त्यांसाठी नव्या कायद्याचीही आवश्यकता नाही.

मिश्र वापराला कोठे आणि किती प्रमाणात वाव द्यायचा, हे आराखड्यातच पट्टानिहाय ठरवावे. मेट्रो आणि रुंद मार्गांलगत तो मोकळेपणाने द्यावा. पाणलोट क्षेत्रे, नाले आणि निसर्गरक्षणाच्या पट्ट्यांत देऊ नये. विभागीय आराखडा लागू झाल्याशिवाय त्या भागातील मोठ्या संकुलांचे प्रस्ताव विचारात घेऊ नयेत. प्रत्येक विभागासाठी उपलब्ध पाणी, सांडपाणी प्रक्रियेची क्षमता आणि रस्त्यांची वहनक्षमता यांचा एक जाहीर ताळेबंद असावा. नव्या परवानगीबरोबर त्यातील किती वाटा खर्ची पडला याची नोंद व्हावी आणि तो संपल्यावर परवानग्या थांबाव्यात. पाण्याची हमी 'प्रस्तावित' योजनेवर न विसंबता प्रत्यक्ष जोडणीवर आधारलेली असावी.

हरकती मागवण्याची पद्धतही सुधारावी लागेल. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गट क्रमांक आणि खसरा क्रमांकांनी भरलेली सूचना छापली म्हणजे लोकांना माहिती मिळाली, असे म्हणता येत नाही. ज्या रहिवाशाच्या घरासमोर वीस मजली इमारत येणार आहे त्याला ती सूचना वाचून आपल्याच गल्लीविषयी हे लिहिले आहे, हे कळले पाहिजे. नकाशा, अंदाजे लोकसंख्या, पाण्याचा स्रोत आणि वाहनांची संख्या सोप्या हिंदीत प्रकल्पस्थळी फलकावर लावणे हा काही अवघड उपाय नाही. आलेल्या हरकतींवर कोणता निर्णय झाला आणि का, हेही त्याच फलकावर यावे.

जयसिंहांच्या काळी राजाच्या शब्दाने रस्त्याची रुंदी ठरत असे आणि ती बदलण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. लोकशाहीत तो अधिकार कायद्याने केलेल्या आराखड्याकडे आला आहे. उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाचा मथितार्थ तोच होता. पुढील आराखड्यात किती उंच इमारतींना परवानगी आहे यापेक्षा, मंजुरीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्यात सुट्या भूखंडांसाठी किती बदल झाले, याची मोजणी नागरिकांनी ठेवणे अधिक उपयुक्त ठरेल. जयपूरच्या नळांना पाणी येणार की दारात टँकर, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या मोजणीतूनच मिळेल.